जळगावहून निघताना पाठीवर कोणती सॅक घ्यावी?

गेली अकरा वर्षे लेखापरीक्षणाच्या कामासाठी मी जळगावहून महिन्यातून दोनदा तरी बाहेरगावी जाते. पुणे, मुंबई, हैदराबाद आणि इंदूर ही नेहमीची शहरे, मुक्काम दोन किंवा तीन रात्रींचा आणि सोबत पाठीवरची एकच सॅक. या काळात चार सॅक वापरून झाल्या. पहिली महाविद्यालयातील मुले नेतात तशी साधी होती, दुसरी गड चढणाऱ्यांची उंच होती, तिसरी ४० लिटरची आणि सुटकेससारखी पूर्ण उघडणारी होती. चौथी, जी मी तीन वर्षांपासून वापरते आहे, ती जेमतेम २९ लिटरची आहे. हे परीक्षण मुख्यतः चौथ्या सॅकचे आहे. परंतु ती का निवडली हे आधीच्या तिघींचा उल्लेख केल्याशिवाय सांगता येणार नाही. कंपन्या मॉडेलची नावे सतत बदलत असल्यामुळे नावापेक्षा गुण लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ते गुण ओळखता आले, तर फुले मार्केटमधल्या दुकानातही योग्य वस्तू सापडते.

सॅक घेताना सर्वांत आधी लिटरचा आकडा डोळ्यांसमोर येतो आणि बहुतेकांची निवड तिथेच चुकते. विमानाच्या केबिनमध्ये चालेल अशी सर्वांत मोठी सॅक घ्यावी, म्हणजे पैसे वसूल होतील, असा विचार मीही केला होता. इंडिगोची केबिन बॅगची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे, म्हणजे गुणाकार केला तर सुमारे ४८ लिटर. एअर इंडियाची ५५ × ४० × २० सेंटिमीटर, म्हणजे ४४ लिटर. या मापात ४० लिटरची सॅक आरामात बसते. परंतु देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात केबिन बॅगचे वजन साधारणपणे ७ किलोपर्यंतच चालते आणि या ७ किलोंत सॅकचे स्वतःचे वजनही धरलेले असते. लिटरची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी किलोची मर्यादा गाठली जाते, हे मला तिसरी सॅक घेतल्यानंतर समजले.

त्यासाठी मी एकदा माझे सगळे सामान आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत नेऊन काट्यावर ठेवले होते. लॅपटॉप १ किलो ४०० ग्रॅम, त्याचा चार्जर ३०० ग्रॅम, २०,००० एमएएचची पॉवर बँक ४०० ग्रॅम, कामाची फाइल ६०० ग्रॅम, दोन कुर्ते ५०० ग्रॅम, दोन सलवारी ४०० ग्रॅम, बैठकीला नेसण्याची एक सुती साडी ५०० ग्रॅम, शाल ३०० ग्रॅम, आतले कपडे आणि रुमाल ३०० ग्रॅम, चपला ४०० ग्रॅम, साबण-तेल-औषधांची पिशवी ५०० ग्रॅम. बेरीज झाली ५ किलो ६०० ग्रॅम. माझी ४० लिटरची सॅक रिकामी असतानाच १ किलो ६५० ग्रॅमची होती. म्हणजे पाण्याची बाटली न घेता, मुलासाठी खाऊचा एक पुडा न घेता, मी २५० ग्रॅमने मर्यादेबाहेर होते. आणि तरीही सॅकचा तिसरा हिस्सा रिकामा होता. आत्ताची सॅक रिकामी ९५० ग्रॅमची आहे. तेच सामान भरल्यावर ६ किलो ५५० ग्रॅम होतात आणि ४५० ग्रॅम हाताशी उरतात. माझ्या मते दोन-तीन दिवसांच्या शहरी प्रवासासाठी २८ ते ३२ लिटर आणि रिकामे वजन फार तर १ किलो १०० ग्रॅम, ही सर्वांत समंजस निवड आहे. दुकानात लेबलवर वजन लिहिलेले नसेल, तर दुकानदाराला काटा मागावा. तो शेजारच्या किराणा दुकानातूनही आणता येतो.

जळगावच्या विमानतळावरून प्रवास करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे येणारी एटीआर ७२ ही पंख्याची विमाने लहान असतात, त्यांत मागच्या दाराने चढावे लागते आणि डोक्यावरचे कप्पे मोठ्या जेट विमानांच्या मानाने बरेच अरुंद असतात. जेटच्या मापात बसणारी सॅक इथे बसेलच असे नाही. न बसल्यास शिडीपाशीच ती आपल्याकडून घेऊन विमानाच्या पोटात ठेवली जाते आणि त्या क्षणी पॉवर बँक आत असेल तर रांग थांबवून ती बाहेर काढावी लागते, कारण लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या पोटातल्या सामानात नेण्यास मनाई आहे. यासाठी पॉवर बँक आणि लॅपटॉप हे दोन्ही मुख्य कप्पा न उघडता हाती येतील अशी रचना सॅकमध्ये असलीच पाहिजे. पॉवर बँकेची १०० वॅट-अवरची मर्यादा मात्र फारशी चिंतेची नाही; २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, आणि ते ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॅट-अवर होतात. माझ्या चौथ्या सॅकची जाडी २० सेंटिमीटरच असल्यामुळे ती एटीआरच्या कप्प्यात आडवी जाते, आणि कप्पे भरलेले असतील तर पुढच्या आसनाखाली पायांपाशीही मावते.

तरीही खानदेशातल्या माणसाचा प्रवास मुख्यतः रेल्वेचाच असतो आणि परदेशी कंपन्यांच्या सॅक ज्यांनी आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर आपला शयनयान डबा नसतो. संध्याकाळी जळगावला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसावे आणि पहाटे पुण्यात उतरावे, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. या एका रात्रीत सॅकची जेवढी परीक्षा होते तेवढी विमानात होत नाही. खालच्या बर्थखाली आधीच कोणाच्या गोण्या, कोणाच्या ट्रॉली बॅगा, कोणाचा स्टीलचा डबा असतो. त्या गर्दीत सॅक आडवी सरकवावी लागते आणि पहाटेच्या अंधारात, झोपलेल्या माणसांना न उठवता, ओढून काढावी लागते. सॅकला फक्त वरच मूठ असेल तर हे काम वाकून, गुडघे टेकून करावे लागते. बाजूला भक्कम मूठ असलेली सॅक एका हाताने सरळ बाहेर येते. दुसरी गोष्ट साखळीची. बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यांतून साखळी घालून सॅक बांधायची तर साखळी ओवायला तिच्यावर घट्ट शिवलेले एखादे वेटोळे हवे, आणि मुख्य चेनच्या दोन्ही रनरना कुलूप घालण्याजोगी भोके हवीत. कापडी पट्टा ब्लेडने कापता येतो हे खरे. पण रात्री मनमाडला गाडी थांबलेली असताना कोणी घाईने सॅक उचलू पाहील, त्याला अडवायला एवढे पुरते. मी स्वतः वरचा बर्थ मिळाल्यास सॅक पायांशी घेते, आणि २९ लिटरची सॅक घेऊन झोपता येते, ४० लिटरची घेऊन झोपता येत नाही, हा माझ्या दृष्टीने लहान सॅकच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. एसटीबद्दल एवढेच सांगते की डोक्यावरच्या रॅकवर फुगलेली मोठी सॅक टिकत नाही आणि घाटात खाली येते.

गड चढणाऱ्यांची उंच सॅक मी सर्वांत आधी बाद केली, कारण ती वरून उघडते. तळाशी गेलेला कुर्ता काढण्यासाठी सगळे सामान विश्रांतिगृहाच्या पलंगावर ओतावे लागत असे. डोंगरावर जिचा गुण असतो ती उंची मुंबईच्या लोकलमध्ये दोष ठरते. सॅक पुढे, छातीवर घेतली तर समोरचे दिसत नाही आणि मागे ठेवली तर प्रत्येक वळणावर कोणाला तरी धक्का लागतो. सुटकेससारखी तीन बाजूंनी उघडणारी सॅक हीच शहरासाठी योग्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. मात्र अशी सॅक पूर्ण उघडायला सपाट जागा लागते, जी रेल्वेत नसते. म्हणून मुख्य कप्पा न उघडता हात घालता येईल असा वरचा एक छोटा खण आवश्यक आहे. त्यात तिकीट, ओळखपत्र, औषध आणि दात घासण्याचा ब्रश एवढे राहिले की रात्र निघते.

लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, बाहेरच्या बाजूला नसावा. वजनदार वस्तू पाठीच्या जितकी जवळ, तितका खांद्यांवरचा मागचा ओढ कमी असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आमच्या घरचे आहे. मुलगा पुण्यात शिकतो आणि त्याच्याकडे जाताना उन्हाळ्यात वाळवलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, न्यावे लागतात. कपड्यांत घातलेले बिबडे पोहोचेपर्यंत चुरा होतात. लॅपटॉपच्या कप्प्यात, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेले बिबडे मात्र पाच वेळा नेले आणि पाचही वेळा अखंड पोहोचले, कारण तो कप्पा दोन्ही बाजूंनी ताठ आहे आणि त्याचा तळ सॅकच्या तळाला टेकत नाही. हा टेकण्याचा मुद्दा लॅपटॉपसाठीही तितकाच महत्त्वाचा आहे. सॅक जमिनीवर आपटून ठेवली तर धक्का थेट यंत्राला बसू नये, म्हणून कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन-तीन बोटे वर असला पाहिजे. दुकानात कप्प्यात हात घालून हे सहज तपासता येते. केळीचे वेफर्स ही उलट समस्या आहे. ते हलके असतात, पण जागा फार खातात, आणि लिटर कमी असल्याची खंत मला फक्त त्यांच्याच वेळी वाटते. भरिताची वांगी न्यायची असतील तर वेगळी कापडी पिशवी घ्यावी. २ किलो वांगी घातल्यावर कोणतीही सॅक ७ किलोंत राहत नाही.

कापडाविषयी दुकानात जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे अर्धवट असते. लेबलवर ६०० डी किंवा ४२० डी असे लिहिलेले असते. हा डी म्हणजे डेनिअर, आणि ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनिअर. म्हणजे आकडा धाग्याची जाडी सांगतो, मजबुती सांगत नाही. सारख्या डेनिअरचे नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासण्याला जास्त टिकते, म्हणून ४२० चे चांगले नायलॉन ६०० च्या साध्या पॉलिएस्टरच्या तोडीचे ठरू शकते आणि वजनाला हलके असते. परंतु आपल्या भागासाठी याची दुसरी बाजू आहे. ऊन सोसण्यात पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा सरस आहे आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सॅक दुचाकीवर, गच्चीवर किंवा मोटारीच्या मागच्या काचेशी रोज उन्हात पडणार असेल, तर पॉलिएस्टरच घ्यावे. माझी सॅक पॉलिएस्टरची आहे आणि तीन उन्हाळे काढूनही तिचा रंग फारसा उतरलेला नाही.

पाणी आत येऊ नये म्हणून कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. उष्णता आणि दमट हवा यांमुळे हा थर हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्र्यांनी सुटतो. माझ्या तिसऱ्या सॅकचे असेच झाले. ती मी एका पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. दिवाळीत काढली तेव्हा आतले अस्तर हाताला चिकटत होते आणि साडीवर पांढरे पापुद्रे लागले. चूक ठेवण्याच्या पद्धतीत होती. सॅक प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये, सुती चादरीत गुंडाळून हवा लागेल अशा ठिकाणी टांगावी, आणि माळा जर पत्र्याखाली असेल तर तिथे मुळीच ठेवू नये.

आता चेनबद्दल, कारण सॅकचे आयुष्य तिच्यावर ठरते. गोलाणी मार्केटपासून जवळच एका बोळात बॅगा दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. तिसऱ्या सॅकची चेन बसवायला त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, कापड फाटून माझ्याकडे कोणी येत नाही. एक तर रनर गेलेला असतो, नाहीतर पट्टा मुळातून उसवलेला असतो.’’ त्या दिवशी तासभर त्यांच्या दुकानात बसून जे शिकले, ते कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळाले नव्हते. चेनला क्रमांक असतात, आणि बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर असते. प्रवासी सॅकच्या मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची चेन असावी, बाहेरच्या खणांना ५ ची चालते. चेन बंद केल्यावर मागून दात सुटू लागले, तर दोष बहुतेक वेळा दातांचा नसून झिजून सैल झालेल्या रनरचा असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या तर काही महिने काम चालते, नाहीतर नवा रनर बसवावा, सगळी चेन बदलण्याची गरज नसते. वायकेके या जपानी कंपनीची चेन असेल तर रनरवर ती अक्षरे कोरलेली असतात. ती असणे चांगले, पण पुरेसे नाही. चाचांची खरी परीक्षा वेगळी होती: सॅक गच्च भरावी, चेन एका हाताने कोपऱ्यावरून फिरवावी, आणि ती कोपऱ्यात अडली तर सॅक परत ठेवावी. कोपऱ्याचे वळण फार तीव्र असेल तर उत्तम चेनही तिथेच मरते.

पट्ट्याच्या मुळाशी बोट घालून पाहावे. जिथे पट्टा सॅकमध्ये शिरतो तिथे आडवी, दाट, पुनःपुन्हा मारलेली शिलाई दिसली पाहिजे आणि पट्ट्याचे टोक आत किमान दोन बोटे गेलेले असले पाहिजे. माझ्या सॅकला बाजूची मूठ मुळात नव्हती. ती चाचांनी जाड निवारपट्टी दुहेरी करून, आतून कातड्याचा तुकडा लावून बसवून दिली आणि १२० रुपये घेतले. तीन वर्षांत तिचा एक टाका उसवलेला नाही. चांगल्या सॅकमध्ये एखादीच उणीव असेल तर ती अशी भरून काढता येते, हे खरेदी करताना ध्यानात असू द्यावे.

पाठीवर बसण्याविषयी स्त्रियांनी विशेष काळजी घ्यावी असे मला वाटते. बहुतेक सॅक पुरुषांच्या खांद्यांच्या मापाने शिवलेल्या असतात. त्यांचे पट्टे आमच्या खांद्यांवरून बाहेर घसरतात आणि मग चालताना दोन्ही हातांनी पट्टे धरून ठेवावे लागतात. मानेच्या खाली जे हाड हाताला लागते तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि सॅकची उंची त्यापेक्षा फार जास्त नसावी. छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकणारा असावा. कमरेच्या पट्ट्याची ७ किलोंसाठी गरज नाही. जाड गादीचा कमरपट्टा सॅकचे वजन वाढवतो आणि आसनाखाली अडकतो. पाठीकडच्या बाजूला जाळी आणि मधोमध हवा जाण्यासाठी खाच हवी, नाहीतर एप्रिलनंतर जळगाव स्थानकाच्या पुलावरून चालत जाईपर्यंतच कुर्ता भिजतो. माझ्या सॅकची खाच उथळ आहे आणि हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे. तीन उन्हाळ्यांत मला त्याची सवय झाली असली, तरी नवी घेणाऱ्याने याहून खोल खाच असलेली शोधावी.

दुसरा दोष बाटलीच्या खणाचा. एक लिटरची स्टीलची बाटली त्यात घट्ट बसते, परंतु मुख्य कप्पा पूर्ण भरला की तो खण आतून दाबला जातो आणि बाटली निघता निघत नाही. भर उन्हात पाणी सहज हाती न येणे ही लहान अडचण नव्हे. दुकानात रिकाम्या सॅकमध्ये बाटली घालून पाहण्यात अर्थ नाही. आधी सॅक भरावी आणि मग बाटली घालून पाहावी. पावसाचे आवरण सोबत मिळाले नव्हते, ते वेगळे घ्यावे लागले. डिसेंबर-जानेवारीत इंदूरला जाताना स्वेटर सॅकमध्ये मावत नाही, तो अंगावर घालूनच निघावे लागते.

किमतीबद्दल सांगायचे तर माझी सॅक ३,४०० रुपयांना मिळाली. अडीच ते पाच हजारांच्या दरम्यान वाइल्डक्राफ्ट, सफारी, स्कायबॅग्ज, अमेरिकन टूरिस्टर यांच्या आणि डेकॅथलॉनच्या पुष्कळ सॅक मिळतात, आणि वर सांगितलेली मापे लावून पाहिल्यास त्यांतून निवड करणे कठीण नाही. पंधरा-वीस हजारांच्या परदेशी सॅकही मी एका सहकाऱ्याकडे पाहिल्या आहेत. त्यांची शिवण खरोखर देखणी असते, पण त्यांतल्या बऱ्याचशा रिकाम्याच दीड किलोच्या पुढे असतात, आणि ७ किलोंच्या हिशोबात ते मला परवडत नाही. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत संपण्याच्या आत घरचे सगळे सामान तिच्यात भरून, पाठीवर घेऊन अर्धा तास चालावे. मी मेहरूण तलावाच्या काठाने चालले होते, आणि पहिल्या फेरीतच एक सॅक परत पाठवली. दुकानातून घेत असाल तर घरून लॅपटॉप, भरलेली बाटली आणि चार-पाच कपडे पिशवीत घेऊन जा, तिथेच भरा, बाजूच्या मुठीने उचलून पाहा आणि दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की रनर गेला तर तो तसाच रनर आणून देईल का.